मुळं धुणारी

माझं काम सोपं आहे : मुळं धुणं.
यांगलिंगच्या काचघरात, सकाळी सातपासून,
थंड पाण्याच्या तीन टबांत
सफरचंदाची कोवळी रोपं,
एकही तंतू न तोडता.
मग चिमट्यानं टोक उचलायचं, फॉइलची पुडी,
आणि पुडी द्रव नायट्रोजनमध्ये.
वाफ उठते. बोटं बधिरतात.
गंमत बघा, ज्याची भूक मोजायची
त्यातच बुडवून थिजवायचं.

डॉक्टर मियाओ सांगतात
(आमच्या भाषेत त्यांच्या आडनावाचा अर्थच रोप,
पहिल्या दिवशी मी हसू दाबलं होतं)
की मुळाच्या कातडीला दारं असतात.
नायट्रेट तिथूनच आत येतं, मोजून मापून.
दारं किती घडवायची, कधी घडवायची,
हे जनुकं ठरवतात.
जनुकांना धड नावं नाहीत,
नुसती अक्षरं आणि आकडे, कैद्यांसारखे.
मी एकीला ठेवलंय : हावरी धाकटी.
मातीत काही उरलं नाही की ती जागी होते,
गोणी रिकामी केली की कूस बदलून झोपते.

भरपूर खतातल्या रोपांची मुळं धुवायला दहा मिनिटं.
आखूड, जाडसर, कशाचीच घाई नसलेली.
उपाशी कुंड्यांतली मात्र टबभर पसरतात,
पांढरी, लांबच लांब,
काठाला बोटं लावून बघतात
पलीकडे काही आहे का.

सासरे लोछ्वानला, पिवळ्या मातीच्या पठारावर.
दांग शौत्यान, वय त्र्याहत्तर.
झाडामागे फावडंभर युरिया,
आणि जाता जाता आणखी अर्धं फावडं,
पाहुण्याला आग्रह करावा तसं.
मी म्हटलं, बाबा, निम्मं पुरे.
झाड घेत नाही, दारं मिटून बसतं.
म्हणाले, घेत नाही तर मग जातं कुठं?

ते बघायलाच डॉक्टरांची माणसं
नळ्या घेऊन बागेत आली.
मीटरमागून मीटर माती काढून
प्लास्टिकवर ओळीनं मांडली.
बारा मीटरवरही तेच सापडलं :
कधीचं तरी वाढलेलं, न खाल्लेलं,
मुळांच्या हाताखालून निसटून
सावकाश पाण्याकडे निघालेलं.
सासरे आठव्या मीटरपाशी उकिडवे बसले.
चिमूटभर माती चोळून म्हणाले,
हे तू लग्न होऊन आलीस त्या वर्षीचं असणार.
त्या वर्षी मी हात आखडता घेतला नव्हता.

रात्री नूडल्स खाता खाता, वाडग्यातच बघत,
एवढंच बोलले :
सात वर्षांचा होतो. कान्सूहून चालत आलो.
आईनं एल्मची साल दळली होती.
तुझ्या मॅडमना सांग,
भुकेला दारं किती असतात
ते कुंडीला कशाला विचारता.

मी सांगितलं नाही.
असल्या गोष्टीला आमच्या वहीत रकाना नाही.

सप्टेंबरअखेर फळांच्या कागदी पिशव्या सोडायला गेले.
बाग अजून फिकट, हिरवट, पानांनी गच्च.
फक्त भिंतीकडची एक ओळ
चार दिवसांत कानापर्यंत लाल.
पानं विरळ, उन्हाला आत यायला वाट.
मी सासऱ्यांकडे पाहिलं.
म्हणाले, तिथं ऊन जास्त लागतं.
भिंत उत्तरेला. ऊन सगळीकडे सारखंच होतं.
शेडमध्ये दोन गोण्या न फोडलेल्या,
वर जुनी सतरंजी टाकलेली.
मी सतरंजी नीट केली, कोपरा दिसत होता.

शेजारचे झांग काका अजून ओततात.
खाली बारा मीटरवर जे आहे ते आहेच,
ते कुठलंच जनुक परत वर आणणार नाही,
डॉक्टर मियाओ हे सांगताना चष्मा पुसतात.

आता रविवारी फोन येतो.
तब्येत, हवा, भाव, सगळं झाल्यावर
जरा थांबून, सहज विचारल्यासारखं :
तुझी ती धाकटी, जागी झाली का?

मी म्हणते, उठतेय, बाबा.
हात ओले आहेत, ठेवते.